किटलीचा प्लग

या सदरातले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचायचो, आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं कारण शोधायचो. वारा, उंदीर, जुनं वायरिंग, न लागलेली झोप... पोटापाण्यासाठी मी तेच करतो. विस्कळीत, विचित्र आकड्यांना कारण चिकटवतो. आता जे लिहितोय त्याला मात्र वर्षभर कारण शोधतोय. आणि भुताइतकंच लाजिरवाणं काहीतरी यात माझं स्वतःचं आहे, तेही सांगायचंय.

मी बेसिंगस्टोकला एका लहान कंपनीत स्टॅटिस्टिशियन आहे. बिझनेस पार्क, दुसरा मजला, खिडकीतून कार पार्क दिसतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या किटलीला आम्ही एक प्लग लावतो. किटली चालू झाली की प्लग निरोप पाठवतो — किती वाजता आणि किती वेळ. बस. कॅमेरा नाही, काही नाही. त्या वेळांवरून माणसाची सवय ओळखायची आणि सवय मोडली की घरच्यांना फोनवर लाल खूण दाखवायची, हे माझं मॉडेल. डेटा विचित्र असतो. घड्याळ गोल असतं ना... रात्री पावणेबारा आणि सव्वाबारा यांची सरळ सरासरी काढली तर दुपारचे बारा येतात! त्यामुळे वेळा वर्तुळावर मांडून सगळं गणित करावं लागतं. ते मला छान जमायचं.

पहिल्या ट्रायलला मी कुमुदकाकूंना घेतलं. पंचवीस वर्षांपूर्वी नागपूरहून आलो तेव्हा स्लाऊला त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो होतो. दोन वर्षं मी त्यांच्या हातचं जेवलो. त्यांचा मुलगा समीर, इथेच जन्मलेला, तेव्हा शाळेत होता आणि माझ्याकडून गणित शिकायचा. आता तो वॉटफर्डला असतो. मला दादा म्हणतो.

"म्हणजे मी किती वेळा चहा ढोसते ते तू मोजणार?" काकू म्हणाल्या.

"अहो काकू, तुम्ही बऱ्या आहात एवढंच कळतं त्यातून."

"दुपारचा दुसरा कप समीरला दाखवू नकोस हं. साखरेवरून बोलतो मेला."

प्लग कुणी चुकून काढू नये म्हणून त्यांनी त्यावर चिकटपट्टी लावून निळ्या पेनने लिहिलं — 'काढू नये.' सकाळी सहा चाळीस, दुपारी सव्वातीन. दर वेळी तीन मिनिटं आणि काही सेकंद. इतकी नियमित बाई आमच्या यादीत दुसरी नव्हती.

आता माझी चूक. प्लग फक्त किटली चालू झाली की बोलतो. एरवी गप्प. मग तो गप्प असेल तर दोन अर्थ होतात — एक तर वायफाय गेलंय, किंवा चहाच झालेला नाही. वायफाय सारखंच जायचं, घरच्यांना उगाच लाल खुणा दिसायच्या, तक्रारी यायच्या. म्हणून मी एक सोय केली. निरोप आला नाही की मॉडेल त्या माणसाच्या सवयीवरून चहाची नोंद स्वतःच भरून टाकायचं. आधी ही मुभा बारा तासांची होती. तक्रारी थांबेनात, तेव्हा मी ती तीन दिवसांची केली. एका आकड्याचा बदल! कुणाला विचारलंसुद्धा नाही.

काकूंचा शेवटचा खरा चहा रविवारी सव्वातीनचा. सोमवारी समीरच्या फोनवर हिरवी खूण होती, म्हणजे सगळं ठीक. मंगळवारी सकाळीही हिरवी. मंगळवारी संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे भाजी घेऊन गेला, तेव्हा त्या किचनमध्ये जमिनीवर होत्या. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. नक्की कधी, ते कुणालाच सांगता आलं नाही.

समीरने मला एकच विचारलं. "दादा, आईनं मंगळवारचा चहा घेतला ना? ग्रीन होता. म्हणजे ती तिकडे पडून नव्हती राहिली ना?"

मी म्हणालो, "हो रे. सहा चाळीसला घेतला. पडून नाही राहिल्या."

त्याला धीर द्यायला बोललो, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर माझी नोकरी, माझं नाव... जाऊ दे. घाबरलो होतो. तीन दिवसांची मुभा गुपचूप परत बारा तासांवर आणली. समीरने प्लग माझ्या हातात दिला आणि मी तो ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये टाकला.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा एका गुरुवारी सकाळी मी काकूंची फाईल उघडली. पुसून टाकायला, दुसरं काय. शेवटच्या ओळी मंगळवारच्या असायला हव्या होत्या. त्यांच्याखाली आणखी तीन होत्या. तीन वेगवेगळ्या महिन्यांतल्या. मॉडेलने भरलेल्या ओळीपुढे आम्ही खूण करतो. या तिन्हींपुढे खूण नव्हती. म्हणजे प्लगकडून आलेल्या. खऱ्या.

वेळा त्यांच्या सवयीच्या नव्हत्या. अकरा वाजून बारा मिनिटं. पाच अठ्ठेचाळीस. एक तीस. वर्तुळावर मांडल्या, काही अर्थ लागेना. मग कशी कोण जाणे, बुद्धी झाली आणि मी मोबाइलमधले जुने कॉल पाहिले. त्या तिन्ही दिवशी, त्याच वेळी, समीरचा फोन आला होता. त्याला मधूनच आईची आठवण अनावर होते आणि तो तेच विचारतो. मी तेच उत्तर देतो.

तेवढ्यात फोन वाजला. समीरच.

"दादा, गुरुजी विचारतात आईचा तिथी कुठला. सर्टिफिकेटवर फक्त सापडली तो दिवस आहे. मंगळवार म्हणजे एकादशी ना? तुझ्या डेटानं कन्फर्म कर ना."

फाईल समोर उघडी होती. मी म्हणालो, "हो. मंगळवारी सकाळी चहा घेतला त्यांनी. एकादशीच धर."

स्क्रीनवर नवी ओळ आली. अकरा सदतीस. तीन मिनिटं दहा सेकंद. खूण नाही.

ड्रॉवर उघडला. प्लग तिथेच होता, कशालाही न जोडलेला, वर 'काढू नये' लिहिलेला. हात लावला. नुकतंच पाणी उकळल्यावर असतो तसा गरम होता. मी खुर्चीसकट मागे सरकलो. शेजारची मुलगी म्हणाली, "यू ऑलराइट?" मी मान हलवली.

शनिवारी वॉटफर्डला गेलो आणि समीरच्या किचनमध्ये उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुभा, तीन दिवस, हिरवी खूण, माझं खोटं. तो कप विसळत होता. नळ तसाच वाहत राहिला.

"मी संडेला रात्री तिला फोन करणार होतो," तो म्हणाला. "मग मंडेला ग्रीन बघितला. म्हटलं, ओके आहे ती."

त्याने तोच कप पुन्हा नळाखाली धरला.

"संडेचा चहा खरा होता?"

"हो."

"मग संडे कुठला तिथी?"

"नवमी."

"नवमीला करतो." नळ बंद करून तो म्हणाला, "दादा, तू येऊ नको."

नवमीला मी ऑफिसात फाईल उघडून बसलो. सव्वातीन वाजले, चार वाजले... काही आलं नाही. प्लग थंड होता. वर्षभरात पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला. संपलं, असं वाटलं. लबाडी गेली, तिथी खरी झाली, काकू निवल्या.

दुसऱ्या दिवशी दशमी. सकाळी सहा चाळीसला मी घरी होतो. ऑफिसला पोचून फाईल पाहिली तर एक ओळ होती. सहा चाळीस. खूण नाही.

पण तीन मिनिटं नाही. दोन सेकंद.

बटणापर्यंत हात पोचला आणि निसटला, इतकाच वेळ.

काकू गेल्या त्या आठवड्यातल्या सोमवारी दशमी होती. त्यानंतर आजवर एकही ओळ आलेली नाही. वायरिंग, बग, कुणाची खोडी — सगळं तपासलं, काही हाती लागलं नाही. हे काय होतं ते मला माहीत नाही. त्या सोमवारी काकू जिवंत होत्या का, तेही मला कळायचा मार्ग नाही. पण समीरने नवमीचं श्राद्ध केलं, आणि ती ओळ मी त्याला अजून दाखवलेली नाही. मी पुन्हा गप्प आहे. आणि माझ्या गप्प राहण्याचाही त्याला हिरवा अर्थच लागत असणार.

म्हणून हे लिहिलं. समीरला मराठी नीट वाचता येत नाही. उद्या वॉटफर्डला जाऊन मीच त्याला वाचून दाखवणार आहे. प्लग बरोबर नेतोय. आत्ता तो टेबलावर आहे. गरम आहे की थंड, ते बघायला मी त्याला अजून हात लावलेला नाही.