लेकीच्या हातचं विरजण

टायफॉइडच्या गोळ्यांनी माझं पोट पार बिघडलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरचं दही खा, त्यातले जिवाणू पोट सावरतील. म्हणून धाड गावच्या आठवडी बाजारातल्या एका दहीवालीकडून मी दही आणलं आणि त्याचंच विरजण लावून रोज खाऊ लागलो. दर आठवड्याला ताज्या विरजणासाठी तिच्याकडून थोडं दही घ्यायचो. दही घालून दिलं की ती गाडग्याचा काठ बोटाने पुसायची आणि दर बाजारी सांगायची, "विरजण माह्या लेकीच्या हातचं हाये."

मग दोन बाजार ती दिसलीच नाही. तिसऱ्या बाजारी आली ती रिकामं गाडगं घेऊन.

"भाऊ, लेक गेली माही. सुतक लागलं तसं बायांनी घरातलं दूध-दही सगळं फेकलं. तिचं विरजणबी गेलं. तुमच्या घरी चमचाभर उरलं असन का?"

पोट बरं झालं म्हणून शेवटची वाटी मी कालच मोरीत ओतली होती. "नाही उरलं," मी सांगितलं.

"राहू द्या. तुमचं पोट तं सावरलं ना तिच्या हातानं?"

"सावरलं," मी म्हणालो.

तिने सवयीने रिकाम्या गाडग्याचा काठ बोटाने पुसला.