चारच्या वेगाचे यज्ञेश्वरराव

शनिवार पेठेतल्या यज्ञेश्वर भाव्यांकडून डीव्हीडी लिहून घ्यायची तर गिऱ्हाइकाजवळ दोन गोष्टी हव्यात: वेळ आणि अपमान सोसायची ताकद. बाकी जगाने डिस्क कधीच टाकून दिली होती. पण काही वकील अजून व्हिडिओचा पुरावा डिस्कवर देत, म्हणून भाव्यांचं दुकान आणि तोंड दोन्ही चालू होतं.

हडपसरहून आलेली वकील तेजस्विनी तुपे म्हणाली, “काका, सोळापट स्पीडला टाका ना. तीनला सुनावणी आहे.”

“घाई आपल्याला आहे, डिस्कला नाही. इथे चारपटीच्या वर लिहीत नाही.”

ती तडक दुसऱ्या दुकानात गेली. डिस्क झटपट मिळाली, पण कोर्टातल्या कॉम्प्युटरवर अडखळत राहिली. शेवटी पुढची तारीख पडली.

दुसऱ्या दिवशी तिने ती डिस्क भाव्यांपुढे ठेवली. त्यांना सणच साजरा झाल्यासारखं वाटलं.

“पळत पळत लिहिलं की अक्षर बिघडतं. मग वाचणारं यंत्र चुकतं, वेग उतरवतं, तेच ते पुन्हा वाचतं. कायद्याच्या कॉलेजात हे शिकवत नसतील.”

“तुमची चारची वाचते भराभर?”

“वीस वर्षं वाचतेय.”

“मोजलंय कधी?”

मोजलं नव्हतं. स्वतःच्या मताला पुरावा लागतो, हेच भाव्यांना नवीन होतं. ईर्ष्येने त्यांनी एकाच डब्यातल्या तीन कोऱ्या डिस्क चार, आठ आणि सोळावर लिहिल्या आणि वाचनाच्या वेगाचा आलेख पडद्यावर लावला. सोळाची रेघ शेवटी कोसळली. चारची मध्येच तीनदा आपटली. आठची मात्र सरळ चढत गेली. नव्या डिस्कवरचा थर वेगासाठीच बनवलेला. फार सावकाश लिहिलं तरी तो बिघडतो.

“काका, आठवरच द्या मग,” तेजस्विनी हसू दाबत म्हणाली.

भाव्यांनी निमूट दिली. महिन्याभरात ते गिऱ्हाइकांना ऐकवू लागले, “चारवर लिहितात ते अडाणी!” चूक झाली होती, हे मात्र घरीसुद्धा बोलले नाहीत.

तरी मनात खुटखुट होतीच. त्याआधीच्या सगळ्या डिस्क चारवरच गेल्या होत्या. न राहवून त्यांनी ओळखीतल्या आमोद गोखल्यांना फोन लावला.

“मुलाच्या मुंजीची डिस्क नीट चालते ना हो?”

“कल्पना नाही,” गोखले म्हणाले. “ती लावायला घरात यंत्रच नाही.”