शेरडं सोडायचा वकत

मी सातवीतून शाळा सोडली. आता सुरतेत कापडाच्या गोदामात हमाली करतो. आई गंगापूरजवळच्या गावी असते. एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास भावाचा फोन आला. आईचं तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता, तिला तालुक्याच्या दवाखान्यात आणलं होतं.

मेंदूचे डॉक्टर संभाजीनगरात बसून दवाखान्यातल्या पडद्यावरून तिला तपासत होते. डोक्याच्या फोटोत रक्तस्राव दिसला नव्हता. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ती शेवटची धड कधी होती ते त्यांना हवं होतं. भाऊ एकच सांगत होता, "शेरडं चरायला सोडायच्या वक्ताला." आमच्यात घड्याळ कोण बघतं?

भावानं फोन पडद्यासमोर धरला. मी म्हणालो, "साहेब, आज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तिनं मला फोन केलेला. मोबाईलात दिसतंय."

"बोलणं स्पष्ट होतं?"

"पोळ्याला आलो नाय म्हणून शिव्या घालत होती. एक शब्द अडखळला नाय."

"द्या इंजेक्शन," डॉक्टर तिथल्या सिस्टरला म्हणाले.

चौथ्या दिवशी आईनं उजव्या हातानं भाकर मोडली. आमच्या चुलत्याला असंच झालं, तेव्हा शहरात पोचेस्तोवर वेळ निघून गेला होता. त्या डॉक्टरांना मी अजून पाहिलेलं नाय. सुट्टी मिळाली की आधी त्यांच्या पाया पडायला जाणार, मग घरी.