गोठ्यामागचा एकोणीस नंबर

आर्डिस टॉलफसनबाईंना मिनेसोटाच्या थंडीचं भारी कौतुक. लोकांनी कानटोप्या शोधाव्यात आणि बाईंनी खिडकीत उभं राहून पारा किती उतरला ते बघावं! वीस वर्षं त्या रानद्राक्षाच्या फुलांवर नाजूक युरोपी द्राक्षांचा पराग कुंचल्यानं लावत आल्या होत्या. हिवाळाभर उघड्यावर तगेल आणि पिण्याजोगी वाइनही देईल, असा एक वेल त्यांना हवा होता. एक्केचाळीस नंबरचा वेल तोच, अशी त्यांची खात्री होती. फक्त खऱ्या कडाक्याची परीक्षा तेवढी राहिली होती. बाईंचं वय बहात्तर, आणि तसे हिवाळे हल्ली वरचेवर येत नव्हते.

त्या जानेवारीत आला. पारा उणे पस्तीस, आणि बाई नेमक्या डुलुथला बहिणीकडे अडकलेल्या. फोनवर नवऱ्याला, ऑर्विलला, एवढंच म्हणाल्या की माझ्या एक्केचाळीसकडे लक्ष ठेव. त्यानं ठेवलं की! जन्मभर गाई सांभाळलेला माणूस. थंडीत कुणी उघडं दिसलं की त्याचा जीव तुटायचा. त्यानं सगळी रांगच्या रांग वाळक्या गवतानं शेंड्यापर्यंत झाकून टाकली.

परीक्षा बुडाली. बाई परतल्यावर दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. एप्रिलात गवत काढलं, तर उबेला आलेल्या उंदरांनी एक्केचाळीसची साल बुंध्याभोवती पार कुरतडलेली. वेल मेला होता. बाई तिथेच चिखलात बसून रडल्या.

ऑर्विल ओशाळून त्यांना गोठ्यामागे घेऊन गेला. सहा वर्षांपूर्वी फार आंबट म्हणून बाईंनी जाळायला दिलेला एकोणीस नंबरचा वेल त्यानं तिथे गुपचूप लावला होता.

"जाळवेना गं मला," तो म्हणाला. "आणि याला गवत पुरलं नाही."

बाईंनी शेंड्याचा डोळा, म्हणजे फुटायची कळी, चाकूनं कापला. आत हिरवागार, जिवंत. पुढचाही हिरवा. खालपर्यंत सगळे हिरवे.

फ्रीजरमध्ये, मटारामागे, एक्केचाळीसचा गेल्या वर्षीचा पराग बाटलीत होता. बाईंनी डोळे पुसले आणि हिशेब मांडला: जूनमध्ये एकोणीसच्या फुलांवर हा पराग, मग बी, मग रोपं, मग पुन्हा एखादा कडक हिवाळा.

"दहा वर्षं तरी लागतील, ऑर्विल."

ऑर्विल शहात्तरचा होता.

"तोवर जगायचं तुला," बाई म्हणाल्या. "आणि कुणालाही झाकायचं नाही."

त्यानं मान डोलावली. मग गळ्यातला मफलर काढून त्यानं तो बाईंच्या गळ्याभोवती गुंडाळला, आणि बाईंनी गुंडाळू दिला.