स्टुलाची दोन पानं

माझी आत्या लहान मुलांची पुस्तकं लिहायची. स्वतःला मूल नव्हतं, आणि दुसऱ्यांची मुलं तिला अर्ध्या तासाच्या वर सोसायची नाहीत. घरात तिला सगळे 'पेन्सिल' म्हणायचे, कारण तिच्या अंबाड्यात कायम एक पेन्सिल खोचलेली असायची आणि तीच शोधत आत्या घरभर फिरायची.

पुस्तकं चौतीस निघाली, पण नाव झालं ते पहिल्याच पुस्तकाने. बुटक्या शिडीची गोष्ट. शिडी इतकी बुटकी, की कशालाच पुरत नाही. रंगारी हसतो, दिवे बदलणारा हसतो. तिला मात्र एकदा छपराजवळच्या खिडकीतून बाहेर बघायचं असतं. शेवटी ती पोचते आणि बघते.

ही गोष्ट मुळात माझ्या बाबांची. बाबा आत्याचे थोरले भाऊ, सहा वर्षांनी मोठे. आजी दुपारपाळीला कारखान्यात गेली, की धाकट्या बहिणीचं रडं थांबवायला जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी ती रचली होती. पुढे बहीण शिकली. बाबा शाळा सोडून शिवणयंत्रं दुरुस्त करायच्या दुकानात लागले आणि तिथेच म्हातारे झाले. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. ते काम माझ्याकडे आहे.

बाबांच्या गोष्टीत शिडी एकटी नव्हती. तीन पायांचं एक स्टूल होतं. सगळे हसत असतात तेव्हा ते म्हणतं, "माझ्यावर उभी राहा," आणि मग शिडी खिडकीला पोचते. आत्याने लिहिताना ते घेतलं होतं, चित्रकाराने चित्रंही काढली होती. पण गोष्ट भरली अठरा पानं. छापखान्याचा एक फर्मा, म्हणजे कागदाचा एक मोठा ताव छापून घडी घातली की होतात सोळा. दोन पानांसाठी दुसरा फर्मा लावणार नाही, संध्याकाळपर्यंत दोन काढा, असं प्रकाशकांनी सांगितलं. मोठ्यांच्या कादंबरीतून दोन पानं गेली तर लेखकालासुद्धा कळत नाही. मुलांच्या पुस्तकात पानाला एक चित्र आणि चार ओळी असतात. रंगाऱ्याला काढावं तर शिडी रडते कशाला? खिडकी काढावी तर गोष्टच संपली. आत्याने छापखान्याच्या बाकावर बसून स्टूल काढून टाकलं आणि एक ओळ घातली, 'शिडीने टाचा उंचावल्या.'

पुढच्या आवृत्तीत परत घालू, असं तिने मनाशी ठरवलं. बाबांना मात्र काही सांगितलं नाही.

पुस्तक घेऊन ती आली तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाबांनी हात धुतले, तेलाचे डाग गेले का ते दोनदा बघितलं, मग पुस्तक मांडीवर घेतलं. मधल्या एका पानावर ते थांबले. अंगठ्याच्या नखाने पानाची कड सोडवायला लागले. त्यांना वाटलं, दोन पानं एकमेकांना चिकटलीत. पुढच्या पानाचीही कड त्यांनी तपासली. मग खालचे आकडे बघितले. आत्या समोर बसून चहा ढवळत होती, साखर केव्हाच विरघळली होती.

"चित्रं सुरेख आलीत," बाबा म्हणाले.

आत्या हो म्हणाली. एवढंच झालं. एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि जन्मभर वाक्यंच लिहिणाऱ्या बाईला ते सुचलं नाही.

मला ते पुस्तक बाबांनी शंभर वेळा वाचून दाखवलं असेल. त्या जागी आले, की ते पानात बोट घालून पुस्तक मिटायचे, स्टुलाचा भाग तोंडाने सांगायचे आणि पुन्हा उघडायचे. दुसरीत बाईंनी विचारलं, शिडी कशी पोचली? मी सांगितलं, स्टुलावर उभी राहून. बाईंनी पुस्तक उघडून दाखवलं, वर्ग खो खो हसला. घरी येऊन मी थयथयाट केला. बाबा म्हणाले, "बाईंच्या पुस्तकात नसेल. आपल्यात आहे." मी आपलंही उघडून बघितलं. तेव्हापासून आत्यावर माझा राग.

दुसरी आवृत्ती घाईत निघाली. तिसरीला छपाईच्या जुन्या प्लेटा तयारच होत्या. पाचवीच्या वेळी प्रकाशक वारले. सातवीपर्यंत गोष्ट शाळाशाळांतून पाठ झाली होती, आता बदलायची कशी? तिची सगळी कारणं खरी होती, म्हणून तर जास्त चीड येते. एका शाळेत एका मुलीने विचारलं, शिडीला टाचा असतात का? मनात आणलं की सगळं जमतं, असं सांगून आत्याने वेळ मारून नेली. मी शेवटच्या रांगेत बसले होते. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. दुकानात, एका यंत्राचा पट्टा बसवता बसवता. त्यानंतर आत्या प्रकाशकांच्या मुलाकडे जाऊन बसली. स्टूल घालणार नसाल तर पस्तिसावं पुस्तक मिळणार नाही, असं तिने बजावलं. फर्मा वाढला. चित्रकाराच्या मुलीने ट्रंकेतून ती दोन चित्रं शोधून दिली. जे काम एवढ्या वर्षांत झालं नाही, ते तीन महिन्यांत झालं.

पहिली प्रत घेऊन ती माझ्याकडे आली, तेव्हा जिना चढून धापा टाकत होती.

"बैल गेला आणि झोपा केला," ती म्हणाली. "त्याने नखाने पान सोडवून बघितलं होतं गं. मी बघत होते. तेव्हाच बोलायला हवं होतं."

मी पुस्तक उघडलं. स्टूल होतं, तीन पायांचं, हसरं. मी दोन्ही पानं वाचली, मग पुन्हा वाचली.

"एक वाक्य राहिलंय," मी म्हटलं.

"कुठलं? मी आठवून आठवून लिहिलंय सगळं."

"शिडी वर चढताना स्टूल म्हणतं, 'वर पोचलीस की काय दिसतं ते मला सांग.'"

आत्या खुर्चीत मागे टेकली. मग तिने हळूच विचारलं, "आणि शिडी काय सांगते?"

"बाबा तिथे पुस्तक उघडायचे. पुढचं पान तुझं होतं."

पुढचं पान तिला पाठ होतं, मलाही होतं. 'शिडी खिडकीतून बघत राहिली.'

तिने अंबाड्यातली पेन्सिल काढली, चित्राखालची जागा बोटाने मोजली. चार ओळी होत्या, पाचवी मावत नव्हती.

"पुढच्या आवृत्तीत," ती सवयीने म्हणाली, आणि पुढे बोललीच नाही.