शिवबाईच्या नवसाचा गूळ

शिवबाईच्या हातचं खाऊन कुणी बारीक झाल्याचं सोलापूरच्या मार्केट यार्डात कुणाला आठवत नाही. कांद्याच्या शेडमागं तिची चूल आहे. पंचवीस वर्षं ती तिथं हमालांना भाकरी, पिठलं आणि शेंगाचटणी वाढते. पानावरून उठणाऱ्याला दटावून खाली बसवायचं आणि वर आणखी एक भाकरी टाकायची, ही तिची रीत. माया मोजून करायची नसते, असं तिचं म्हणणं. आता यात खोट काढणार कोण? नवऱ्यानं तर कधीच काढली नाही.

नवरा संगप्पा. तोही आधी हमालच. पाठीवर पोतं घेऊन निघाला की बघत राहावं असा गडी. दिवसाला सहा भाकऱ्या खायचा आणि संध्याकाळपर्यंत पार जिरवायचा. चाळिशीत त्याची कंबर धरली, तेव्हा अडत्यानं त्याला तोलार केलं. तोलारानं काट्यापाशी बसायचं, मालाचं वजन करायचं आणि चार माणसांना ऐकू जाईल असं पुकारायचं. काम बसल्या जागेचं झालं, भूक मात्र हमालाचीच राहिली. सहा भाकऱ्या तशाच, वर येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर गोड चहा आणि चहाबरोबर भजी. बारा वर्षांत संगप्पा एकशे चार किलोंचा झाला. शेजारणी म्हणायच्या, "शिवबाई, मालकाला चांगलं ठेवलंयस की." ते ऐकून शिवबाईला मूठभर मांस चढायचं. खरं तर ते चढत होतं संगप्पाला.

शुगर हा बंगलेवाल्यांचा आजार, असा दोघांचाही समज होता. दसरा होऊन गेल्यावर एका संध्याकाळी संगप्पानं घरी येऊन चप्पल काढली, तेव्हा शिवबाईला त्यात रक्त दिसलं. पोती शिवायच्या दाभणाचं मोडकं टोक त्याच्या पायाच्या बोटात घुसलेलं होतं.

"कवा लागलं हे?"

"काय लागलं?" संगप्पानं विचारलं. त्याला खरोखरच पत्ता नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. शुगर चारशेच्या वर. पायाची जाणीव कमी झालीय, जखम भरायची तर साखर खाली यायला हवी, वजन उतरायला हवं, त्यांनी नीट समजावून सांगितलं. "नाहीतर बोट काढावं लागेल. आणि ते बोटावरच थांबेल असं नाही."

हे शिवबाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. महिपती हमालाचं असंच बोटापासून सुरू झालं होतं. तो आता गुडघ्याखाली पाय नसलेला यार्डाच्या दारात बसून असतो, आणि शिवबाई रोज त्याला ताट नेऊन देते.

ती तशीच उठून मंद्रूपच्या पलीकडं माहेरी गेली आणि सिद्धोबापुढं पदर पसरला. "देवा, मालकाचं बोट वाचू दे. चैत्राच्या जत्रंत त्यांच्या वजनाइतका गूळ वाहीन." त्या देवळात नवसाची तुळा करायची जुनी चाल. एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात गूळ. काही दिवसांत जखम सुकायला लागली. देवानं ऐकलं, असं तिला वाटलं. बाईंनी गोळ्याही दिल्या होत्या, पण त्यांचं श्रेय नंतर वाटून घेता आलं असतं.

संगप्पा मात्र जिद्दीला पेटला. सहाच्या दोन भाकऱ्या केल्या, पालेभाजी वाढवली, चहातली साखर बंद. पायाला इजा होऊ नये म्हणून बाईंनी सांगितलेले बंद बूट घातले आणि जखम सुकत आल्यावर बाईंच्या परवानगीनं सकाळी थोडं थोडं चालू लागला. दर सोमवारी कांद्याच्या काट्यावर उभा राहायचा आणि घरी येऊन पुकारायचा, "शंभर!" मग "नव्व्याण्णव!" मग "सत्त्याण्णव!"

प्रत्येक सोमवारी शिवबाई बोटांवर हिशेब करायची. आधीच यार्डातल्या बाया विचारत होत्या, "मालक वाळले गं, खायला घालतीस का न्हाय?" त्यात हा नवस. देवाला बोलले तेव्हा मालक एकशे चार होते. आता सत्त्याण्णव. म्हणजे देवाचा सात किलो गूळ बुडाला की. उद्या नव्वद झाले तर? काम करून घेताना पुरं आणि फेडताना कमी, हे तर देवाला आवळा देऊन कोहळा काढणं झालं. आणि देव चिडला तर तो आधी काय परत नेईल, हे तिला कळत होतं.

तिनं रात्रंदिवस विचार करून वाट काढली, आणि ती तिच्या चुलीतूनच निघाली. मूठभर शेंगा चालतील, असं बाई म्हणाल्या होत्या. शिवबाईनं दाण्याचं कूट भरून शेंगापोळ्या केल्या.

"अगं, यात गूळ हाय," संगप्पा म्हणाला.

"नावाला हाय. शेंगाच की सगळ्या."

दुसऱ्या पोळीला तो "साकु, साकु" म्हणाला. घरातलं हे कानडी 'पुरे' त्यानं उभ्या जन्मात क्वचितच वापरलं होतं. पण दोन महिने गोडाला पारखी झालेली जीभ, आणि वाढणारी शिवबाई. पोळ्या रोजच्या झाल्या, आमटीत गुळाचा खडा पडू लागला, भाकरीच्या पदरात तूप लपू लागलं. संक्रांतीनंतर काटा अठ्ठ्याण्णववर आला. शिवबाईनं देवाला हात जोडले.

आणि त्याच आठवड्यात सुकत आलेली जखम ओली झाली.

दवाखान्यात बाईंनी पट्टी सोडली आणि जखम दाबून बघितली. मग विचारलं, "खाण्यात काय बदल झाला?" संगप्पानं सोडलेल्या पट्टीची घडी घालायला घेतली. बायकोचं नाव घ्यायचं त्याच्या जिवावर आलं होतं. शिवबाईला ते सोसलं नाही. तिनं रडत सगळं सांगून टाकलं: नवस, सोमवारचा काटा, बुडणारा गूळ, शेंगापोळ्या.

बाई हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "देवाला काय मागितलं होतंत तुम्ही? वजन की बोट?"

"बोट."

"मग बोटच गेलं, तर गूळ कशाचा वाहणार?"

शिवबाई दवाखान्यातून तडक घरी आली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. आल्या आल्या तिनं गुळाचा डबा शेजारी देऊन टाकला. बदललेल्या गोळ्या ती स्वतः मोजून हातावर ठेवू लागली. रोज रात्री त्याचा पाय मांडीवर घेऊन बोटाबोटाच्या मधलं बघायची, कारण त्याला कळत नव्हतं ते आता तिनं कळून घ्यायचं होतं. महिनाभर जखम हटून बसली. मग एका सकाळी पट्टी कोरडी निघाली. पुढच्या महिन्यात पट्टी लागलीच नाही. यार्डातल्या बायांनी पुन्हा विचारलं, "मालक वाळले गं." शिवबाई म्हणाली, "व्हय, मीच वाळवले."

आताच्या वजनाएवढाच गूळ ने, असं सगळे म्हणाले, पण गुळाचं मात्र तिनं कुणाचं ऐकलं नाही. जत्रेला टेम्पोतून दहा-दहा किलोंच्या दहा ढेपा आणि किलोकिलोच्या चार भेल्या नेल्या. एकशे चार म्हणजे एकशे चार.

संगप्पा पारड्यात बसला. पुजारी ईरप्पानं दुसऱ्या पारड्यात एकेक ढेप ठेवायला घेतली. नववी ढेप ठेवली तरी संगप्पाचंच पारडं खाली. त्यावर एक भेली ठेवली आणि दांडी आडवी झाली.

"एक्याण्णव," सवयीनं संगप्पानंच पुकारलं. लोक हसले.

खाली एक ढेप आणि तीन भेल्या उरल्या होत्या. "हे काय करायचं, अक्का?" ईरप्पानं विचारलं.

शिवबाई ती ढेप उचलायला वाकली. वर तिन्ही भेल्या ठेवून दोन पावलं चालली आणि थांबली. तिला दम लागला होता.

"अवो, एवढं तुमी अंगावर वागवत हुतात?"

"बारा वर्षं. आणि हमाली कुणी दिली न्हाय."

तिनं ते ओझं देवाच्या उंबऱ्यावर ठेवलं. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण आवाज स्वच्छ होता. "ईरप्पा, हे देवाचंच. बाकीच्या गुळाच्या आधी त्यानं मालकाच्या अंगावरचं हेच उचललं."

संगप्पा पारड्यातून उतरला. पाच बोटांचा पाय त्यानं जपून जमिनीवर टेकवला. मागं रांग चुळबुळत होती. पण शिवबाई पदर खोचून रिकाम्या पारड्यात जाऊन बसली.

"अगं, तुझा कसला नवस?"

"नवस न्हाय. सगळ्यांना वाढता वाढता माझं कदी बघितलंच न्हाय. चढताना दम लागतोय, रातीत चारदा लघवीला उठतीया. तोलार हायसा न्हवं? तोला."

संगप्पानं ढेपा लावल्या. दांडी स्थिर होईपर्यंत वाट बघितली. बारा वर्षं यार्डात वजनं पुकारणारा हा माणूस मग बायकोजवळ गेला, खाली वाकला, आणि तो आकडा त्यानं फक्त तिच्या कानात सांगितला.

तिनं मान हलवली. "मंगळवारी तुमच्या तपासणीला मीबी येते दवाखान्यात, माझंबी रक्त बघू दे बाईंना," ती म्हणाली, आणि उतरायला त्याचा हात मागितला.