पाच दिवसांचा गणपती

नीरजाचा फोन आला तेव्हा मी ड्रायरमधून कपडे काढत होते. “मावशी, बाबा…” एवढंच ती म्हणाली. टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या त्या वादळात श्रीधररावांच्या घरात पाणी शिरलं आणि ते त्यातच गेले. माझ्या धाकट्या बहिणीचा, विजूचा हा नवरा, आणि उभा जन्म याने वादळांचाच अभ्यास केलेला!

गॅल्व्हेस्टनच्या १९०० सालच्या वादळात हजारो माणसं कशी गेली, न्यू ऑर्लिन्समध्ये लोक घरात का अडकले, हे ते जेवणाच्या पानावरही सांगायचे. विजू वैतागायची, “अहो, श्रीखंड तरी सुखाने खाऊ द्या.” पण त्यांना राहवायचं नाही. म्हणायचे, वाऱ्यापेक्षा पाणी जास्त माणसं मारतं, आणि त्याहून जास्त मारतो तो ‘बघू या की’ हा स्वभाव. निघा सांगितलं की निघायचं. कपाट, कुत्रं, देव, काही बघत बसायचं नाही.

देवाधर्माशी त्यांचं तसं काही नव्हतंच. पण तीन वर्षांपूर्वी विजू गेली आणि तिचा पाच दिवसांचा गणपती त्यांनी हट्टाने चालू ठेवला. मग प्रत्येक गोष्टीला मला इकडे दूर उत्तरेत, ट्रॉयला फोन… दुर्वा किती, जानवं कधी घालायचं, नैवेद्याला कांदा चालतो का. मी थोरली, सगळं ठाऊक असलेली. खोटं कशाला बोलू, एवढा शिकलेला माणूस मला विचारतो याचा मला भारी तोरा होता.

ऋषिपंचमीला सकाळी त्यांचा फोन आला. “ताई, उद्या दुपारपर्यंत निघा म्हणताहेत. आजच विसर्जन केलं तर चालेल का?”

दरवर्षी वादळ येणार म्हणतात आणि कुठेतरी वळतं, असं माझ्या डोक्यात. आणि जिभेला हाड नाही. मी म्हटलं, “अहो श्रीधरराव, पाच दिवसांचा गणपती असा मध्येच उठवतात का? विजूने उठवला असता?”

 ते म्हणाले, “बरं.”

पुढे इथल्या गुरुजींना विचारलं. ते सहज म्हणाले, अडचण असेल तर उत्तरपूजा करून केव्हाही विसर्जन करता येतं, त्यात काहीच दोष नाही. दोन मिनिटांचा फोन होता तो. मी तेव्हा केला नाही.

नीरजा ओहायोहून घर आवरायला गेली. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी होती, टाकी भरलेली, बॅग मागच्या सीटवर. तिने मला विचारलं, “मावशी, बाबांना तर सगळं माहीत होतं. मग का नाही निघाले? तुला फोनवर काय म्हणाले?” मी म्हटलं, मोदकांच्या उकडीचं विचारत होते. बापाला जाऊन आठ दिवस झालेल्या पोरीशी मी खोटं बोलले.

शाडूची मूर्ती पाण्यात विरघळून गेली होती. चिखलातून तिला विजूचा पाट तेवढा मिळाला. तो तिने मला पाठवला, तू नीट जपशील म्हणून. मी तीनदा धुतला, तरी मधोमध कुंकवाचा डाग आहे तसाच आहे. तो पाट समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

नीरजाला मराठी वाचता येत नाही. तुम्ही सगळे हे वाचाल आणि तिला कधी कळणारही नाही, अशी सोय मला सहज करून घेता आली असती. पण रविवारी ती येते आहे. तिला या पाटासमोर बसवणार आहे आणि पहिल्या ओळीपासून हे वाचून दाखवणार आहे. त्यानंतर पाट माझ्याकडे ठेवायचा की परत न्यायचा, ते तिने ठरवावं.